दख्खनचं दगडी हत्यार वाचावं कसं

नदीकाठी दगडी हत्यारं बघायला निघालेला नवखा माणूस आकार शोधत चालतो. बदामी, टोकदार, मुठीत बसणारं काही दिसलं की थबकतो, आणि बहुतेक वेळा तो साधा गोटाच निघतो. माझं सांगणं उलट आहे. आधी दगड कोणता ते बघा, मग तो कसा फुटलाय ते बघा, आकाराकडे शेवटी या. महाराष्ट्रात तर हा क्रम सोडूच नये, कारण आपल्या दख्खनमध्ये दगड आणि काळ एकमेकांना धरून चालतात. सगळ्यात जुनी, वजनदार हत्यारं काळ्या पाषाणाची. त्यानंतरची छोटी हत्यारं लाल-पिवळ्या जॅस्परची आणि चर्टची. त्याही नंतरची नाजूक पाती दुधी कॅल्सेडनीची. आणि शेती आली तेव्हा पुन्हा काळा पाषाण, पण आता घासून गुळगुळीत केलेला.

हे सगळे दगड पहिल्या दिवसापासून इथेच होते. एक संपला म्हणून माणूस दुसऱ्याकडे वळला असं झालं नाही. धारेकडून त्याला काय हवं ते बदललं, आणि त्यामागून दगड बदलला. हे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या चढा.

पहिली पायरी: दगडांशी ओळख

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. त्या लाव्हाचा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. घाटात रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या खोदाईत, किल्ल्याच्या तटात तोच दिसतो. याच लाव्हाचा काही भाग भेगांमध्ये घुसून तिथेच सावकाश थंड झाला, त्याला डोलेराइट म्हणतात. नंदुरबार-धुळे भागात सरळ रेषेत लांबवर गेलेल्या काळ्या भिंतींसारख्या टेकड्या दिसतात, त्या याच्या. डोलेराइट बेसॉल्टहून थोडा भरड, पण फार चिवट.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाझरणाऱ्या पाण्यातून सिलिका साचली आणि गारगोट्या झाल्या. त्यात दुधी-निळसर, अर्धपारदर्शक असते ती कॅल्सेडनी. पट्टे असतील तर अकीक. अपारदर्शक आणि लाल, पिवळा किंवा हिरवट असेल तो जॅस्पर. मंद रंगाचा, मेणासारखा दिसणारा चर्ट. कातळ झिजला की या गारगोट्या सुटून ओढ्यांत आणि नद्यांत येतात. म्हणजे कुऱ्हाडीचा काळा दगड आणि पात्याची दुधी गारगोटी, दोन्ही एकाच खडकाची देणगी.

ओळखायची साधी चाचणी सांगतो. फुटक्या बाटलीच्या काचेवर गारगोटीचा कोपरा दाबून ओढा. कॅल्सेडनी आणि जॅस्पर काचेवर स्पष्ट ओरखडा काढतात, आणि चाकूच्या टोकाने त्यांच्यावर ओरखडा उठत नाही. पोकळ्यांत पांढऱ्या सुयांचे, चकचकीत पाकळ्यांचे स्फटिकही मिळतात. ते बहुधा झिओलाइट किंवा कॅल्साइट असतात. दिसायला देखणे, पण मऊ आणि ठरावीक पातळीतच फुटणारे, म्हणून हत्याराला निरुपयोगी. नवखे लोक हेच आधी खिशात घालतात. ही चाचणी रस्त्यावरच्या साध्या गारगोटीवर करा. हत्याराचा संशय असलेल्या तुकड्यावर कधीही नाही.

दख्खनच्या कडेला गेलात की हे गणित बदलतं. पूर्व विदर्भात वैनगंगेच्या बाजूला क्वार्ट्झाइट, म्हणजे उष्णता-दाबाने घट्ट झालेला वाळूचा दगड, लागतो. कोकण-गोव्यात जांभा सगळीकडे असला तरी तो सच्छिद्र, त्याला धार येत नाही. तिथे क्वार्ट्झच्या पांढऱ्या तुकड्यांवर नजर ठेवावी लागते.

दुसरी पायरी: माणसाने फोडलाय की आपोआप फुटलाय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ही पायरी पक्की नसेल तर पुढचं सगळं वाया.

बारीक कणांचा कठीण दगड कडेजवळ नेमक्या ठिकाणी, नेमक्या कोनात ठोकला की एक पातळ तुकडा सुटतो. त्याला छिलका म्हणू. ज्या दगडातून तो सुटला तो गाभा. छिलका उलटा करून आतली, ताजी फुटलेली बाजू उजेडात तिरकी धरा. जिथे ठोका बसला तिथे वर एक लहानशी सपाट जागा दिसेल. तिच्या लगेच खाली बोटाला लागेल असा फुगवटा असतो. त्या फुगवट्यापासून खाली बारीक कमानी पसरत जातात, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तशा. गाभ्यावर याचंच उलटं चित्र राहतं: फुगवट्याच्या जागी खळगा, आणि त्यापासून निघालेल्या कमानी. कॅल्सेडनीवर हे सगळं लख्ख दिसतं. बेसॉल्टवर ते पुसट असतं, त्यात हजारो वर्षांची झीज, म्हणून काळ्या दगडावर डोळ्यापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवा. कडेवरून अंगठा फिरवताना खळगे एकामागून एक ठरावीक अंतराने लागले तर थांबून बघण्यासारखं आहे.

एक छिलका म्हणजे हत्यार नव्हे. पुरात गोट्यावर गोटा आपटूनही छिलका सुटतो. माणसाचं काम ओळखायचं ते क्रमावरून. एकाच कडेवर ओळीने ठोके आहेत का? एका बाजूने काढून मग दगड उलटून दुसऱ्या बाजूने काढलेत का? नंतरचा ठोका आधीच्या खळग्याचा उपयोग करून घेतो आहे का? नदीला असं काही मनात धरून ठोकता येत नाही.

आपल्याकडे फसवणारे तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिला म्हणजे खडी. क्रशरमध्ये फुटलेल्या बेसॉल्टला कडक धारा असतात, फुगवटाही असतो, पण फुटलेले पृष्ठभाग सगळे सारखेच ताजे आणि दिशा वाटेल त्या. दुसरा म्हणजे नांगराचा किंवा जेसीबीचा घाव. जुन्या काळपट पृष्ठभागात एकच उजळ खाच असते आणि तिच्यात लोखंडाची गंजकट रेघ दिसते. तिसरा म्हणजे चकमक. गावोगाव गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडत, त्यामुळे जुन्या वस्तीजवळ कडा चेचलेली गारगोटी मिळाली तर ती दोन-तीन पिढ्यांपूर्वीचीही असू शकते.

शिकायचा उत्तम मार्ग म्हणजे स्वतः दगड फोडून बघणं. मुठीएवढा गोल गोटा हातोडा म्हणून घ्या आणि कडा असलेला बेसॉल्टचा तुकडा मांडीवर जाड चामडं ठेवून धरा. ठोका सरळ खाली न मारता कडेला घसटून जाईल असा, काटकोनाहून कमी कोनात मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, हातात मोजे हवेत. काम मोकळ्या हवेत करा, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना वाईट. खाली ताडपत्री अंथरा आणि सगळे तुकडे गोळा करून घरच्या कचऱ्यात टाका. नदीकाठी किंवा प्राचीन जागेवर हा प्रयोग कधीच करू नका. आज टाकलेले छिलके उद्या कुणा अभ्यासकाची दिशाभूल करतील.

तिसरी पायरी: काळी, जड, मोठी हत्यारं

केनियातल्या लोमेक्वीमध्ये ३३ लाख वर्षांपूर्वीचे फोडलेले दगड मिळालेत. इथिओपियातल्या गोना इथले २६ लाख वर्षांपूर्वीचे. ही अगदी सुरुवात: गोट्याचे चार छिलके काढायचे आणि धार वापरायची. त्यानंतर, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी, आफ्रिकेतच दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड आली. भारतात तिचा सगळ्यात जुना नीट कालमापन झालेला पुरावा चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमचा, सुमारे १५ लाख वर्षांचा. तिथली हत्यारं क्वार्ट्झाइटची. त्याच परिसरात, पल्लावरमला, ३० मे १८६३ रोजी भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी हत्यार मिळालं आणि भारतातल्या प्रागितिहासाच्या अभ्यासाला तोंड फुटलं.

महाराष्ट्रात हीच हत्यारं बेसॉल्ट-डोलेराइटची. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी ती शोधली, १९५२ मध्ये त्यावर लिहिलं. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं. तिथे हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर मोठ्या संख्येने मिळाले.

हातकुऱ्हाड सगळ्यांना माहीत असते, म्हणून क्लीव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दख्खनमध्ये तोच जास्त बोलतो. हे फरशी कुऱ्हाडीच्या पात्यासारखं हत्यार: टोक नाही, त्याऐवजी पुढे सरळ आडवी धार. ही धार ठोकून केलेली नसते. कारागीर आधी मोठ्या धोंड्यातून तळहाताहून मोठा छिलका पाडतो. त्या छिलक्याची एक कड जन्मतःच धारदार असते. मग तो फक्त दोन्ही बाजू आणि बूड ठोकून मुठीला सोयीचं करतो, आणि पुढच्या कडेला हातही लावत नाही. हे कळलं की हातातलं क्लीव्हर वेगळंच दिसू लागतं. मोठा छिलका पाडण्याआधीच त्या माणसाने पुढची धार मनात पाहिलेली असते. लाखो वर्षांपूर्वीचा हा विचार दगडात इतका स्वच्छ उतरलेला बघून मला आजही थक्क व्हायला होतं.

आता दगडाचा प्रश्न. एवढ्या मोठ्या छिलक्याला मोठा धोंडा लागतो, आणि दख्खनमध्ये एवढा मोठा, एकसंध दगड म्हणजे बेसॉल्ट किंवा डोलेराइटच. गारगोट्या बहुधा मुठीएवढ्या किंवा त्याहून लहान. त्यामुळे या काळात गारगोटीकडे लक्ष नव्हतं असं नव्हे, पण मुख्य हत्यार तिच्यातून होणारच नव्हतं. जिथे वेगळा दगड होता तिथे माणसाने तो घेतला. उत्तर कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातलं इसामपूर हे के. पद्दय्या यांनी अभ्यासलेलं ठिकाण म्हणजे चुनखडकाची खाणच. लोक खडकाच्या थरांशी बसून तिथेच हत्यारं घडवत.

बघताना झीज मोजा. नदीच्या गोट्यांत घोळलेल्या बेसॉल्टच्या हातकुऱ्हाडीच्या कडा बोथट, गोलसर होतात. रंगही जातो, आतून काळा असलेला दगड बाहेरून राखाडी किंवा मातकट होतो. कडा अजून तीक्ष्ण असतील तर ते हत्यार फार दूरून वाहत आलेलं नाही, आणि अशा जागेची नोंद जास्त मोलाची.

वयाच्या बाबतीत मात्र घाई नको. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे हत्यारांच्या जवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. राख कालमापनाला सोयीची, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. पण त्या राखेचं वय कुणी १४ लाख वर्षांच्या घरात सांगितलं, कुणी पावणेसात लाख, तर कुणी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची म्हटली. तज्ज्ञ राख तपासूनही एवढे वेगळे आकडे देत असतील तर आपण नुसत्या आकारावरून वर्षं सांगू नयेत. "पूर्व पुराश्मयुगीन (म्हणजे या सगळ्यात जुन्या, मोठ्या हत्यारांच्या काळातल्या) घडणीचं, बेसॉल्टचं" एवढं म्हणणं पुरे.

चौथी पायरी: रंग बदलतो, आकार लहान होतो

दख्खनमध्ये हा बदल बघायची खरी जागा नेवासे. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी १९५४ पासून तिथे काम केलं. प्रवरेच्या काठावर खडीगोट्यांचे जे थर दिसतात त्यांत जुन्या थरात बेसॉल्टची मोठी हत्यारं, आणि नंतरच्या थरात एकदम वेगळाच माल: जॅस्पर, चर्ट आणि अकीकाच्या छोट्या तासण्या (खरवडायची हत्यारं), टोचे, टोकं. दोन थर, दोन दगड, दोन प्रकारची घडण. भारतातलं मध्य पुराश्मयुग, म्हणजे या छोट्या हत्यारांचा काळ, वेगळं काढून दाखवण्यात या जागेचा वाटा एवढा मोठा की सांकलियांनी त्या हत्यारांना नेवाशाचंच नाव दिलं.

हत्यार लहान का झालं? मला सगळ्यात पटणारं उत्तर असं. हातकुऱ्हाडीत धारेसाठी लागणारा दगड थोडा आणि बाकीचं वजन हातात पकडायला. छिलक्याला लाकडाचा दांडा किंवा मूठ बसवायची कल्पना आली की ते वजन दगडात असायची गरज उरत नाही. मग मोठा धोंडा नको, चांगली धार देणारा छोटा दगड हवा. आणि धारेच्या बाबतीत गारगोटीपुढे बेसॉल्ट काहीच नाही. पोकळीतली जी गारगोटी हातकुऱ्हाडीला अपुरी पडत होती ती आता अगदी मापाची झाली.

घडणीतला फरकही शोधा. आधीच्या काळात धोंडा किंवा मोठा छिलका ठोकून त्यालाच आकार देत. आता गाभ्याचा माथा आधी सगळीकडून ठोकून कासवाच्या पाठीसारखा तयार करतात आणि मग एका ठोक्यात हव्या त्या आकाराचा छिलका काढतात. अशा छिलक्याच्या बाहेरच्या बाजूवर सगळ्या दिशांनी मध्याकडे येणारे जुने खळगे दिसतात. तासणीची एक कड बारीक ठोक्यांनी दाट केलेली असते, आणि बाकी छिलका तसाच सोडलेला. नख लावून बघितलं तर ती कड करवतीच्या बोथट दात्यांसारखी लागते.

हा बदल सगळीकडे एका दिवशी झाला नाही. अत्तिरमपक्कमला मध्य पुराश्मयुगीन पद्धत सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच दिसते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे दगड तोच राहिला, क्वार्ट्झाइट. बदलली ती घडण. म्हणजे "दगड बदलला की काळ बदलला" हा दख्खनचा नियम आहे, साऱ्या देशाचा नाही.

पाचवी पायरी: पाती आणि सूक्ष्मास्त्रं

यापुढे नजर जमिनीच्या अगदी जवळ आणावी लागते. पातं म्हणजे लांबी रुंदीच्या निदान दुप्पट असलेला, कडा समांतर असलेला छिलका. एका गाभ्यातून एकामागून एक अशी पाती काढली की तेवढ्याच दगडातून धारेची लांबी कितीतरी पटींनी वाढते. याला कणरहित, एकसारखा दगड हवा, म्हणून आता कॅल्सेडनीला खरा भाव येतो.

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे हे यासाठी महत्त्वाचं गाव. एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगापासून सूक्ष्मास्त्रांपर्यंतचा प्रवास तिथे एकाच ठिकाणी थरांत मिळतो. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीदार रेघा कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. त्या कवचाचं वय सुमारे २५ हजार वर्षं. खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यांवर कुणी नक्षी काढत होतं. हत्यारांच्या याद्या वाचताना हे विसरायला होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सूक्ष्मास्त्रं म्हणजे नखाएवढी, फार तर बोटाच्या दोन पेरांएवढी हत्यारं. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब चौकोन असे त्यांचे आकार. एक कड तीक्ष्ण ठेवतात, दुसरी मुद्दाम बारीक ठोकून बोथट करतात. ही बोथट बाजू लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची. ओळीने चार-सहा बसवली की सुरी, टोकाला बसवली की बाण. एखादं तुटलं तर तेवढंच बदलायचं. जमिनीवर मिळालेल्या चंद्रकोरीत हत्यार शोधू नका, ती हत्याराचा सुटा भाग आहे. बाकीचं लाकूड कधीच कुजून गेलं.

सूक्ष्मास्त्र दिसलं की लगेच मध्याश्मयुग (पुराश्मयुग आणि शेती यांच्या मधला काळ) असा शिक्का मारायची सवय पुस्तकांमुळे लागते. ती मोडा. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात मेहताखेडी इथे सूक्ष्मास्त्रं सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत मिळालीत. दुसऱ्या टोकाला ती तांब्याच्या काळापर्यंत चालू राहतात. मुंबईकरांसाठी एक गोष्ट: के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात कांदिवली आणि आसपासच्या भागातून दगडी हत्यारं गोळा करून त्यांवर लिहिलं. आज त्या जागांवर इमारती आहेत.

गारगोटी काही वेळा भाजलेली असते. सावकाश तापवून सावकाश थंड केली की ती फोडायला सोपी होते आणि लोहाच्या अंशामुळे लालसर होते. फुटल्यावर नवा पृष्ठभाग तुपकट चमकतो. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर गुजरातमध्ये खंभातला जा. तिथले मणी करणारे कारागीर आजही अकीक भाजतात. जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी खिळा, त्याच्या टोकाला टेकवून धरलेला अकीक, आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीचा हलका ठोका: छिलका खिळ्याच्या बाजूने सुटतो. संग्रहालयातल्या दहा फलकांनी कळणार नाही ते इथे घटकाभरात कळतं.

सहावी पायरी: काळा पाषाण परत येतो

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. तांबं होतं, पण दुर्मीळ, त्यामुळे रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पातीच. ती काढायची रीत मात्र फार पुढे गेलेली होती. गाभ्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत आलटूनपालटून ठोके देऊन सरळ नागमोडी कणा तयार करायचा, आणि पहिला छिलका त्या कण्यावरूनच उतरवायचा. तो निघाला की मागे दोन सरळ कडा राहतात. पुढची पाती त्या कडांना धरून सुटत जातात. कणा असलेलं, त्रिकोणी छेदाचं, पाठीवर दोन्हीकडून आडवे खळगे असलेलं पातं मिळालं तर समजा की पात्यांचं काम तिथेच चाललं होतं. काही पात्यांच्या धारेवर एक चकाकी असते. गवत-धान्याच्या देठांत सिलिका असते, ती कापता कापता दगडाला अशी झिलई चढते.

आणि याच काळात नेवाशासारख्या गावांत डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडी मिळतात. झाड तोडायला गारगोटी चालत नाही. ती कडक असते पण ठिसूळ, खोडावर दोन घाव घातले की तुकडे. तिथे डोलेराइटचा चिवटपणाच हवा. म्हणून जो दगड हातकुऱ्हाडीनंतर मागे पडला होता तो पुन्हा हातात आला. यावेळी नुसता ठोकून नाही. आधी ठोकून ढोबळ आकार, मग टोचून खडबडीत सपाटी, मग वाळू-पाणी घालून दगडावर घासून धार. अशा कुऱ्हाडीवर छिलक्यांचे खळगे जवळजवळ दिसत नाहीत, धारेजवळ आरशासारखी गुळगुळीत पट्टी असते. धान्य दळायचे पाटे-वरवंटेही काळ्या पाषाणाचेच.

या काळातली पाती ओळखायला सोबतची खापरं मदत करतात. लाल पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी असलेली खापरं म्हणजे जोर्वे संस्कृतीची, म्हणजे इनामगावसारख्या शेतकरी गावांची, चाहूल. संगमनेर तालुक्यातल्या ज्या जोर्वे गावावरून तिचं नाव पडलं तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही मिळाल्या आहेत. तांब्याची कुऱ्हाड आणि दगडाचं पातं एकाच काळात, एकाच संस्कृतीत. अश्मयुग संपलं आणि धातुयुग सुरू झालं अशी सरळ रेघ जमिनीत सापडत नाही.

सातवी पायरी: सापडलं तर काय करायचं

उचलू नका. हत्याराची अर्धी माहिती त्याच्या जागेत असते. नदीच्या कापलेल्या काठात, थरात रुतलेलं हत्यार हे वाळूत सुट्या पडलेल्या दहा हत्यारांपेक्षा मोलाचं, कारण थरावरून काळ काढता येतो. वाळूत पडलेल्यांत दोन लाख आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं शेजारी शेजारी असू शकतं.

फोटो तीन काढा: दूरून जागेचा, मध्यम अंतरावरून थराचा, आणि जवळून हत्याराचा, शेजारी पट्टी ठेवून. नाणं ठेवलं तरी चालेल, पण कितीचं ते लिहा. जवळचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उजेडात घ्या, खळगे तेव्हाच उठून दिसतात. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, नदीचं नाव, कोणता काठ, पाण्यापासून अंदाजे उंची, थर वाळूचा की गोट्यांचा की पोयट्याचा, दगड कोणता, कडा झिजलेल्या की तीक्ष्ण. एवढं त्याच जागी लिहून टाका, घरी आल्यावर आठवत नाही.

ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आधी बघून घ्या. गंगापूर, नेवासे, इनामगाव सगळ्यांची ओळख तिथे होते आणि डोळा तयार होतो. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, मग ते खुरप्याने एक वीत का असेना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली अशा वस्तूंचा विनापरवाना धंदा करणं आणि त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. परदेशी राहणाऱ्या मंडळींनी सुट्टीत गावी आल्यावर नदीतली आठवण म्हणून असा दगड बॅगेत टाकू नये.

फिरायला पावसाळ्यानंतरचा काळ चांगला. पूर ओसरल्यावर काठ नव्याने धुऊन निघालेले असतात आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की खालचे गोट्यांचे थर उघडे पडतात. वाळूउपसा, वीटभट्ट्यांसाठी काढलेली माती आणि नवे बंधारे यांमुळे हे थर झपाट्याने जात आहेत, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण गेलेला थर कुठल्याही पैशाने परत आणता येत नाही. म्हणून उपशाच्या खड्ड्यात ताजा कापलेला काठ दिसला तर हत्यार असो वा नसो, पट्टी लावून त्या काठाचे फोटो काढून ठेवा आणि तारीख लिहा. पुढच्या पावसात तो काठ ढासळलेला असेल.